‘नावावर केलं’ म्हणजे नक्की काय? ‘बिक्वीद’ हे क्रियापद समजून घेताना

मुंबईत कुठल्याही घरी वाटणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “बाबांनी खोली धाकट्याच्या नावावर केली.” या वाक्यात चार वेगवेगळे व्यवहार लपलेले असू शकतात. बाबांनी बक्षीसपत्र केलं असेल, तर खोली आजच धाकट्याची झाली. सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचं नाव दिलं असेल, तर मालकी अजून बाबांचीच आहे. शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव जोडलं असेल, तर त्यामागे कोणता दस्त आहे ते बघावं लागेल. आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं असेल, तर बाबा हयात आहेत तोवर धाकट्याला काहीच मिळालेलं नाही. उद्या मत बदललं तर ते मृत्युपत्र फाडायला बाबा मोकळे आहेत.

मराठीत या चारही गोष्टी ‘नावावर केलं’ म्हणून खपतात. इंग्रजीत शेवटच्या व्यवहाराला वेगळं क्रियापद आहे: बिक्वीद (bequeath). वकिलाने पाठवलेला मसुदा, सोसायटीचं पत्र, बँकेचा फॉर्म यात ते भेटतं आणि बरेच जण अंदाजाने पुढे जातात. अंदाज चुकला तर फ्लॅटच्या किमतीइतका महाग पडू शकतो.

आधी उच्चार आणि अर्थ

उच्चारात जोर ‘क्वी’वर. शेवटचा आवाज जीभ दातांना टेकवून काढायचा. काही जण तो ‘द’कडे झुकवतात, काही ‘थ’कडे, आणि दोन्ही चालतात. ‘बेक्वेथ’ मात्र नाही. भूतकाळी रूप बिक्वीद्ड. नाम बिक्वेस्ट, म्हणजे मृत्युपत्राने दिलेली वस्तू किंवा ती देण्याची कृती. त्याच अर्थाने कायद्यात लीगसी हा शब्द येतो, आणि ज्याला मिळतं तो लीगटी. मराठीत या क्रियापदाला एकशब्दी जोड नाही. ‘मृत्युपत्राने देणे’ हा सरळ अर्थ. जुन्या दस्तांतलं ‘लिहून ठेवणे’ त्याच्या सर्वांत जवळचं, कारण त्यात ‘माझ्या पश्चात’ ही छटा आपोआप येते.

हा शब्द जुन्या इंग्रजीतला. त्याच्या मुळाशी ‘बोलणे, सांगणे’ या अर्थाचा धातू आहे. आपल्याकडेही म्हणतात, “आजीने बांगड्या हिला द्यायच्या म्हणून सांगून ठेवलं होतं.” शब्दाच्या इतिहासात हे अगदी फिट बसतं, पण आजच्या कायद्यात बसत नाही. युद्धावरचे सैनिक, समुद्रावरचे खलाशी अशांना असलेली सवलत आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा सोडला, तर तोंडी सांगून ठेवलेलं मृत्युपत्र होत नाही. व्हॉट्सॲपवरचा मेसेज किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ हेही मृत्युपत्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र मुद्दाम वगळलेलं आहे, त्यामुळे डिजिटल सहीही चालत नाही. कागद हवा, आणि त्यावर शाईची सही किंवा अंगठा.

हे क्रियापद कधी वापरायचं

पहिला प्रश्न: मृत्युपत्र आहे का? वडील मृत्युपत्र न करता गेले आणि फ्लॅट आई, मुलगा, मुलगी यांच्याकडे आला, तर इथे कुणी काही बिक्वीद केलेलं नाही. वारसांना तो कायद्याने मिळाला, म्हणून क्रियापद इनहेरिट. घेणारा इनहेरिट करतो, मग ते मृत्युपत्राने असो वा नसो. देणारा बिक्वीद करतो, आणि ते फक्त मृत्युपत्रानेच.

दुसरा प्रश्न: देणारा हयात आहे का? “माय फादर बिक्वीद्ड मी द फ्लॅट लास्ट इयर” असं बोललात की इंग्रजी जाणणारा माणूस तुमचं सांत्वन करायला लागेल. वडील नाशिकला मजेत असतील आणि त्यांनी बक्षीसपत्र केलं असेल, तर ‘गिफ्टेड’ म्हणा.

या दोन क्रियापदांत पैशाचा आणि अधिकाराचाही फरक आहे. बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. एकदा दिलं की सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणी ऐच्छिक, आणि शेवटच्या श्वासापर्यंत बदलायची मुभा. पैसे वाचवायला म्हणून नव्हे, पण म्हातारपणी छप्पर आपल्या हातात राहावं म्हणून मृत्युपत्राचा रस्ता बरा, हे आमचं स्पष्ट मत.

मुंबईतलंच एक उदाहरण. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली वारले. त्यांचा कलासंग्रह आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाला मृत्युपत्राने मिळाला. इथे बिक्वीद अचूक. हयातीत कुणी एखादं चित्र संग्रहालयाला दिलं असतं तर ते डोनेट. आणि मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला ‘बिक्वीद’ केलं असं कुणी लिहिलं तर खोडून टाका: १६६१ च्या विवाह-तहात ते आंदण म्हणून दिलं गेलं. पुढे १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिलं. देणारे सगळे जिवंत होते.

अलंकारिक अर्थाने मात्र मोकळीक आहे. आधीच्या पिढीने पुढच्या पिढीला कर्ज, भांडण, परंपरा काहीही बिक्वीद करावं. ‘गिरण्यांनी परळला चिमण्या बिक्वीद केल्या’ हे इंग्रजीत शोभून दिसतं, त्यासाठी कागद लागत नाही. फक्त साध्या बोलण्यात हे क्रियापद जड वाटतं. “शी लेफ्ट मी हर बँगल्स” हे रोजचं इंग्रजी. बिक्वीद हे दस्ताचं, भाषणाचं, मृत्युलेखाचं.

वाक्यात बसवताना

रचना दोनच. वस्तू आधी असेल तर मध्ये ‘टू’: “आय बिक्वीद माय गोल्ड बँगल्स टू माय डॉटर.” माणूस आधी असेल तर मध्ये काहीही नको: “आय बिक्वीद माय डॉटर माय गोल्ड बँगल्स.” दस्तात पहिलीच वापरावी. दुसरीत वस्तूचं लांबलचक वर्णन आलं की वाचणारा हरवतो.

मराठी माणसाच्या इंग्रजीत दोन चुका वारंवार दिसतात. एक, “बिक्वीद इन द नेम ऑफ माय सन.” हे आपलं ‘मुलाच्या नावावर’ जसंच्या तसं उचललेलं. इंग्रजीत ‘इन द नेम ऑफ’ने मालकी दिली की नुसतं नाव लावलं हा घोळ पुन्हा सुरू होतो. दुसरी, “बिक्वीद हिम विथ अ फ्लॅट.” ‘विथ’ इथे येतच नाही.

काळही बघा. मृत्युपत्रात क्रियापद वर्तमानकाळी असतं, ‘आय बिक्वीद’, तरी परिणाम मृत्यूनंतर होतो. म्हणून ‘आय विल बिक्वीद’ लिहायचं नाही. ते ‘पुढे कधीतरी देईन’ असं वाचलं जाईल आणि मृत्युपत्र हे नुसतं आश्वासन ठरवायला विरोधकाला वाव मिळेल.

वकिली मसुद्यात ‘आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद’ असं त्रिकूट दिसतं. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात डिव्हाइज जमिनीसाठी आणि बिक्वीद चीजवस्तूंसाठी वापरत. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ हा भेद करत नाही. इथे फ्लॅटही बिक्वीद होतो आणि सोन्याची चेनही. त्याच कायद्याचं कलम ७४ सांगतं की मृत्युपत्रात तांत्रिक शब्द असायलाच हवेत असं नाही, इच्छा कळली की झालं. म्हणजे हे सगळं वाचून झाल्यावर गंमत अशी की मृत्युपत्रात बिक्वीद हा शब्द नसला तरी काही बिघडत नाही. मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र तितकंच पक्कं. ज्या भाषेत तुम्हाला प्रत्येक वाक्य कळतं त्याच भाषेत करा. इंग्रजी न येणाऱ्या आजीची सही इंग्रजी मसुद्यावर घेतली, तर तिला तो वाचून, समजावून सांगितला होता हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

मराठीत कलम लिहायचं तर

सुरुवात ठरलेली आहे: “मी खाली सही करणार, वय अमुक, राहणार अमुक, स्थिर बुद्धीने व राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.” दुसरं वाक्य गाळू नका. जुनं मृत्युपत्र कपाटात राहिलं तर त्यातला नव्याला विरोध न करणारा भाग जिवंत आहे असा दावा उभा राहतो.

मग देण्याचं कलम: “माझ्या पश्चात माझी खाली वर्णन केलेली मिळकत माझी मुलगी हिने संपूर्ण मालकी हक्काने घ्यावी.” मुलीचं नाव लिहिताना लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं अशी दोन्ही लिहा. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हे इथे नेहमीचं आहे. नुसतं ‘माझी बेबी’ किंवा ‘सौ. ताई’ असं लिहू नका.

वर्णनात सर्वांत जास्त चुका होतात. ‘दादरचा फ्लॅट’ एवढं पुरत नाही. फ्लॅट क्रमांक, मजला, इमारत, सोसायटीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, चटई क्षेत्र आणि जमिनीचा सर्व्हे क्रमांक लिहा. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, तो सी.एस. नंबर असतो, उपनगरात सी.टी.एस. नंबर. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढे दस्त करताना कारकून बोट ठेवतो.

ठेवींचं उलट आहे. तिथे जास्त नेमकेपणा अंगाशी येतो. ‘ठेव पावती क्रमांक अमुक मी मुलाला देतो’ असं लिहिलं आणि मुदत संपून ती ठेव मोडली, पैसे दुसरीकडे गेले, तर ज्या वस्तूचं नाव घेतलं ती वस्तूच उरली नाही. इंग्रजीत याला अडेम्प्शन म्हणतात: मृत्यूच्या वेळी ती ठराविक वस्तू मिळकतीत नसेल तर देणगी बुडते, बदली काही मिळत नाही. म्हणून ‘अमुक बँकेत माझ्या मृत्युसमयी माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी व शिल्लक’ असं लिहावं. फ्लॅट पुनर्विकासाला जाणार असेल तर ‘किंवा त्याऐवजी मिळणारी नवी जागा, भाडे व कॉर्पसची रक्कम’ हेही जोडा. मुंबईत ही ओळ विसरणं म्हणजे भांडणाची सोय करून ठेवणं.

दागिने वजनाने आणि घडणीने ओळखू येतील असे लिहा: चार तोळ्यांच्या पाटल्या दोन, मोहनमाळ एक. एकच मोहनमाळ वर सुनेला आणि खाली मुलीला दिली असेल, तर मृत्युपत्रातलं शेवटचं वाक्य टिकतं, असं भारतीय वारसा अधिनियमाचं कलम ८८ सांगतं.

आणखी दोन वाक्यं हवीतच. ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर? सर्वसाधारणपणे अशी देणगी बुडते. तो तुमचा मुलगा, मुलगी किंवा नातवंड असेल आणि त्याची अपत्यं हयात असतील, तर कायदा तो जणू तुमच्यानंतर गेला असं धरतो आणि वाटा त्याच्या मिळकतीत जातो. भाच्याला, मैत्रिणीला, सेवेकऱ्याला हे लागू नाही. म्हणून ‘ती हयात नसल्यास अमुक व्यक्तीला’ असं लिहूनच ठेवा. दुसरं वाक्य उरलंसुरलं झाकणारं: “वर नमूद न केलेली माझी इतर सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक यांनी घ्यावी.” हे नसेल तर विसरलेलं डीमॅट खातं वारसा कायद्याने वाटलं जातं, हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखं.

‘पत्नीला संपूर्ण मालकीने, आणि तिच्यानंतर मुलाला’ असं कलम लिहू नका. संपूर्ण मालकी दिली की ती विकू शकते, मग तिच्यानंतर काय द्यायचं हे तुम्ही कसं ठरवणार? अशा वाक्यावर वर्षानुवर्षं खटले चालतात. पत्नीला ‘हयातभर राहण्याचा हक्क, विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार नाही’ द्यायचा की पूर्ण मालकी, यातलं एक निवडा.

जे बिक्वीद करता येत नाही

आपलं नसलेलं देता येत नाही, हे ऐकायला सोपं आहे. मुंबईत मात्र आपलं काय हेच अनेकदा माहीत नसतं. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या तरी ती भाडेकरूची जागा. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच प्रकरणात स्पष्ट केलं की असा भाडेकरू हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरू गेल्यावर निवासी जागेत हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, तेही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाप्रमाणे. गिरगावातली खोली पुण्यातल्या भाच्याला लिहून ठेवलीत तर तो कागद तिथे कामाचा नाही.

जोडनावाचा फ्लॅट असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही हिंदू व्यक्ती स्वतःपुरता हिस्सा देऊ शकते. मुस्लिम कायद्यात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशाची मर्यादा आहे.

नॉमिनेशन हे बिक्वीद नव्हे. नॉमिनी म्हणजे तात्पुरता सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. अपवाद विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच धरली जाते. म्हणून मृत्युपत्रात एक आणि नॉमिनेशनमध्ये दुसरं नाव ठेवू नका.

सही आणि साक्षी

करणारा १८ वर्षांवरचा आणि शुद्धीत हवा. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. शेवटी सही, शिवाय प्रत्येक पानावर सही. किमान दोन साक्षीदार. दोघांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं, आणि दोघांनी करणाऱ्याच्या समोर सही केली पाहिजे. आधी साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि आजोबांची नंतर, असं करून मृत्युपत्रं पडतात.

साक्षीदार वयाने लहान निवडा. पुढे कोर्टात दोघांपैकी एकाला तरी, हयात असेल तर, हजर व्हावं लागतं. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. ख्रिस्ती आणि पारशी लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगीच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला निमित्त कशाला? ख्रिस्ती-पारशांचं आणखी एक: मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर ते आपोआप रद्द होतं.

वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. खाडाखोड केलीत तर त्या जागी करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही हवी, नाहीतर दुरुस्ती धरत नाहीत. मोठा बदल असेल तर सगळं नव्यानेच लिहा. पुरवणी मृत्युपत्रालाही हाच सह्यांचा विधी लागतो, मग कष्ट काय वाचले?

नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या. तिथे फोटो, अंगठा आणि तारीख पक्की होते. नोंदणीने मजकूर खरा ठरत नाही, पण ‘हा कागद नंतर तयार केला’ हा आरोप बराच बोथट होतो. शेवटी एक निष्पादक, म्हणजे एक्झिक्युटर नेमा. तो तुमच्याहून तरुण आणि शक्यतो मुंबईतच राहणारा हवा, कारण हेलपाटे त्यालाच घालायचे आहेत.

नंतरचं पत्र

मृत्यूनंतर सोसायटीला इंग्रजीत अर्ज करायची वेळ आली की हे क्रियापद पुन्हा लागतं, या वेळी कर्मणी: “द सेड फ्लॅट वॉज बिक्वीद्ड टू मी बाय माय लेट मदर अंडर हर विल डेटेड अमुक.” तारीख मृत्युपत्राची, मृत्यूची नव्हे, ही गल्लत फार होते. सोबत मृत्यू दाखला, मृत्युपत्राची प्रत, शेअर सर्टिफिकेट. मूळ मृत्युपत्र सोसायटीच्या हातात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं शिक्कामोर्तब, मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. कारण शहर उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात येतं. ती सक्ती घालणारं वारसा अधिनियमाचं कलम २१३ संसदेने २०२५ च्या डिसेंबरात वगळलं. तरी भावंडांत वाद असेल, सह्यांवर शंका असेल किंवा बँक अडून बसली असेल, तर प्रोबेट घेऊन टाकणं शहाणपणाचं. त्यासाठी मूळ कागदच लागतो. त्याला लॅमिनेशन करू नका, भोकं पाडून फायलीला लावू नका, आणि ज्या लॉकरची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे त्यात ठेवू नका.